दुसऱ्या पेल्याची बशी

"आज खायला काय आहे रे?" असं एलादिओला कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "पुढ्यात येईल ते." यापेक्षा गोड उत्तर त्याने कधी कुणाला दिल्याचं रेआलेखो पेठेत कुणालाही आठवत नाही. साऱ्या स्पेनमध्ये ग्रानादाची माणसं तिरकस म्हणून ओळखली जातात, त्यात एलादिओ म्हणजे ग्रानादाचा अर्क. तरी त्याच्या बारमध्ये उभं राहायला जागा मिळायची नाही.

त्याला कारण होतं. आमच्या गावात वाइनच्या किंवा बिअरच्या प्रत्येक पेल्याबरोबर खाण्याची एक बशी येते, फुकट. ती कसली हे गिऱ्हाईक ठरवत नाही, बारवाला ठरवतो. पहिल्या पेल्याला एक, दुसऱ्याला वेगळी, तिसऱ्याला आणखी वेगळी. त्याच माणसापुढे एका बैठकीत तीच बशी दोनदा ठेवली, तर त्या बारवाल्याने दुसरा धंदा बघावा. एलादिओकडे शुक्रवारी संध्याकाळी भिंतीपर्यंत गर्दी असे, आणि कुणाचा कितवा पेला, कुणापुढे काय ठेवलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. एक अक्षर कधी लिहून ठेवलं नाही. जन्मभरात त्याने मिरवलेली एवढी एकच गोष्ट.

शुक्रवारची गर्दी यायची ती चित्रांची प्रदर्शनं बघून. त्या दिवशी पेठेत कुठे ना कुठे उद्घाटन असतंच. कधी सांस्कृतिक केंद्रात, कधी जुन्या खाटकाच्या दुकानात उघडलेल्या त्या चिमुकल्या गॅलरीत. कासिल्दा एकही चुकवत नसे. तिने आयुष्यभर बायकांचे केस कापले, आणि दुकान बंद केल्यापासून ती चित्रं बघत सुटली होती. बोलायची मात्र दुकानात बोलावं तसंच, खणखणीत. एकदा एका राजघराण्यातल्या बाईच्या चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "हिचा भांग कुणी पाडलाय? हात मोडला होता का त्याचा?" चित्रकार मागेच उभा होता.

तिच्याबरोबर असायचा खिनेस. हा पूर्वी फरश्यांवर वेलबुट्टी काढायचा, आता घरी बसून स्वतःची चित्रं काढायचा. उद्घाटनाची आंबट वाइन घशाखाली ढकलून दोघं एलादिओकडे येत.

"आज काय बघितलंत?" एलादिओ विचारायचा.

"समुद्र," खिनेस म्हणायचा. "चारी भिंतींवर नुसता समुद्र."

"होडी?"

"एकही नाही."

"मग मासे कोण धरणार? आळशी दिसतोय लेकाचा." झाला त्या चित्रकाराचा निकाल.

गंमत अशी, की एलादिओने स्वतः एकही प्रदर्शन पाहिलं नव्हतं. उद्घाटनाच्या वेळी तो नेहमी बारमागे. पेठेतली सगळी चित्रं त्याने पाहिली ती दुसऱ्यांच्या तोंडून, पेले विसळता विसळता.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. कासिल्दाला पहिल्या पेल्याबरोबर मासळी आली. व्हिनेगरमध्ये मुरवलेली बारीक मासळी, एलादिओची पहिली बशी हीच. दुसरी बशी म्हणजे मिगास, शिळ्या पावाचा लसूण घालून परतलेला चुरा. कासिल्दाने दुसरा पेला मागितला आणि पुढ्यात पुन्हा मासळी. तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण एलादिओचं लक्षही नव्हतं, तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. खिनेसने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कासिल्दाने त्याचा पाय जोरात दाबला. तिने मासळी खाल्ली. खिनेसपुढेही मासळीच आली, त्यानेही मुकाट्याने खाल्ली.

पण टोकाला एक तरुण जोडपं होतं, त्यांना कोण सांगणार? मुलगी सहज म्हणाली, "काका, हेच मघाशी दिलंत."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"आवडलं असेल म्हणून पुन्हा दिलं," एलादिओ म्हणाला. लोक हसले. पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो फडक्याने एकच जागा पुसत राहिला, पुसत राहिला. कासिल्दाला ते बघवेना.

स्वयंपाकघरातून मारिबेल आली. ती एलादिओची भाची, आणि बार आता तिच्या नावावर. तिने कासिल्दाला दाराआड ओढलं.

"तुलाही दोनदा दिलं ना, कासिल्दाकाकू? खरं सांग."

"दिलं तर दिलं. मासळी काय विष आहे?"

"उन्हाळ्यापासून चाललंय. डॉक्टर म्हणतात, आता वाढतच जाणार." मारिबेलने डोळे पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. "नाताळ झाला की मामाला घरी बसवते. भिंतीवर पाटी लावते, ज्याला जे हवं ते मागून घेईल."

"घरी बसून तो काय करील गं? भिंतीशी भांडेल?"

"लोक त्याला हसतील त्यापेक्षा बरं. आज ती मुलगी बोलली तेव्हा तू त्याचं तोंड पाहिलंस का?"

कासिल्दाने पाहिलं होतं. मारिबेल वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट असती तर कासिल्दाने तिची चांगली हजामत केली असती.

पुढच्या शुक्रवारी खाटकाच्या दुकानात फुलांची चित्रं होती. कासिल्दाचं फुलांकडे लक्ष नव्हतं. ती माणसं बघत होती. हातात पेला घेतलेली माणसं पहिल्या चित्रापुढे थांबत, मग एक पाऊल उजवीकडे, दुसऱ्या चित्रापुढे. मग पुन्हा एक पाऊल. कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी सगळी रांगेने सरकत होती. कोण किती पुढे आलंय हे दारातूनही कळत होतं.

तिने खिनेसची बाही धरली. "तुला बश्या काढता येतात का?"

"मी आयुष्यभर फरश्या रंगवल्या. बशी म्हणजे गोल."

"मग चार काढ. आणि भडक काढ, लांबून दिसायला हव्यात."

खिनेसने चार लहान फळ्या रंगवल्या. पहिलीवर मासळी, दुसरीवर मिगास, तिसरीवर काकवी घातलेले वांग्याचे काप, चौथीवर बदामाच्या रश्शातले खिम्याचे गोळे. एलादिओच्या बश्या, एलादिओच्याच क्रमाने. त्या लावल्या गिऱ्हाइकांच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे बारमागच्या माणसाला समोर दिसतील अशा. कासिल्दाने पेठेत दारोदार जाऊन बजावलं: पहिला पेला पहिल्या चित्राखाली प्यायचा. संपला की एक पाऊल सरकायचं. आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढला तर गाठ माझ्याशी आहे. तिने पेठेतल्या निम्म्या डोक्यांवर कात्री चालवली होती. तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती.

उद्घाटन रीतसर झालं. आंबट वाइनसुद्धा मागवली.

"हे काय खूळ?" एलादिओ गुरगुरला.

"तू प्रदर्शनाला येत नाहीस, म्हणून प्रदर्शन तुझ्या दारात आणलं," कासिल्दा म्हणाली.

त्याने एकेक चित्र डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "वांगं करपलंय." खिनेसला इतका आनंद आयुष्यात कुठल्या कौतुकाने झाला नव्हता.

आणि जमलं की! पेला मागणारा माणूस ज्या चित्राखाली, ती बशी त्याच्यापुढे. परके पाहुणे आले तर शेजारचा त्यांना कोपराने हळूच पुढे ढकली. नाताळ झाला, सहा जानेवारीचा थ्री किंग्जचा सण झाला, मारिबेलची पाटी काही लागली नाही. एलादिओ पूर्वीसारखाच खेकसत होता. कासिल्दाच्या जिवाला मात्र एक घोर लागून राहिला. त्याला हे कधी कळलं तर? आपल्यावर दया करतात हे कळलं, तर हा माणूस ॲप्रन फेकून निघून जाईल आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. तिने कुणाकडून दया घेतली नसती, मग तो कसा घेईल?

मार्चमध्ये कासिल्दा पडली. कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वसंत सगळा घरात गेला. पहिल्यांदा बाहेर पडली ती शुक्रवारीच, खिनेसच्या दंडाला धरून. बार गच्च भरला होता. कुणीतरी तिला पहिल्या चित्राखाली स्टूल दिलं. पहिला पेला आला, मासळी आली. गप्पा रंगल्या. दुसरा पेला तिने बोलण्याच्या भरात मागितला, आणि मागितल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण अजून पहिल्याच चित्राखाली आहोत.

एलादिओने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावरच्या मासळीकडे. त्याचा हात बशीवर अडला. कासिल्दाने घाईने स्टूल मागे सरकवलं. ती उठायला गेली तर कंबरेतून कळ निघाली. खिनेस धावला.

"बस खाली!" एलादिओ ओरडला.

मग त्याने काउंटरची आडवी फळी वर केली आणि तो बाहेर गिऱ्हाइकांत आला. कामाच्या वेळी त्याला बाहेर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माणसं बाजूला झाली. त्याने भिंतीवरून मासळी काढली, शेजारचे मिगास काढले, आणि मिगास कासिल्दाच्या डोक्यावर टांगले. मासळी मिगासच्या जागी लावली. अंगठ्याने दोन्ही सरळ केली. परत आत गेला आणि तिच्यापुढे मिगासची बशी ठेवली.

"चित्रं हलकी आहेत," तो म्हणाला. "तुझी कंबर नाही."

  एरवी खणखणीत बोलणारी कासिल्दा पुटपुटली, "तुला ठाऊक होतं?"

"मी विसरतो, कासिल्दा. आंधळा झालेलो नाही."

"आणि रागावला नाहीस?"

"रागावलो होतो. दोन दिवस." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मग तेही विसरलो. खा, गार होतंय."

कासिल्दा खाली मान घालून खाऊ लागली. डोळ्यांतलं पाणी मिगासमध्ये पडत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

चित्रं पुन्हा जागच्या जागी लावायला मात्र एलादिओ विसरला. खिनेसचा पहिला पेला संपला, तो शिस्तीत एक पाऊल सरकला आणि त्याने दुसरा मागितला. एलादिओने वर बघितलं आणि त्याच्यापुढे ऐटीत मासळी ठेवली. त्याच्यानंतर तिथे सरकलेल्या प्रत्येकापुढे मासळीच आली. बारमध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. खिनेसने तर बशी पावाने पुसून खाल्ली, आणि या वेळी त्याचा पाय कुणाला दाबावा लागला नाही.