कासिमिरोकाकांची दुसरी खुर्ची

गल्लीत महिनाभर एकच कुजबुज: सत्तरी उलटलेल्या कासिमिरोकाकांचं मासळीवाल्या आंगुस्तियासशी सूत जमलंय. रोज दुपारी दुकान बंद करून ती येते, दार लागतं, ते दिवेलागणीलाच उघडतं.

काकांची आणि माझी भिंत एकच, तेव्हा खरं काय ते मीच सांगते. आत दोन गिटारी वाजतात. तीही एकच ओळ, पुन्हा पुन्हा, इतकी की माझा पोपटसुद्धा ती शीळ घालायला लागलाय. प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना इतकं छळत नाहीत. लग्न झालेली छळतात, पण ती निदान मधे जेवायला उठतात.

"अगं, वाजवतेयस की खवले काढतेयस? अंगठा जड ठेव!"

"माझा अंगठा ट्यूना उचलतो, काका. तुमचा उचलतो का?"

हे तिनं बोलायला नको होतं, पण काका हसले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. धड राहिला तो अंगठाच.

बोटांची बातमी कळताच आमच्या फ्लामेंको मंडळाच्या अध्यक्षानं, लेआंद्रोनं, सत्कार ठरवला. काकांच्या नावाची रंगीत फरशीची पाटी, शेरीचे प्याले, भाषणं, आणि वाजवायला सेव्हिलचा कुणी नावाजलेला तरुण. काकांनी नुसतं हसत बसायचं. पाटी म्हणजे काय, हे आमच्या हेरेथमध्ये पोरासोरांनाही कळतं. एकदा ती भिंतीवर चढली की त्या माणसाला 'वाजवा' म्हणायला कुणी येत नाही.

काकांनी निरोप धाडला: वाजवणार मीच. पहिल्या खुर्चीत आंगुस्तियास, दुसरीत मी.

लेआंद्रो धापा टाकत आला. पहिली खुर्ची गुरूची, तिथली गिटार सूर रंगवते. शिष्यानं दुसरीत बसून ताल सांभाळायचा, ही आमची रीत.

"काका, पहिल्या खुर्चीत शिष्या? तीही बाई? तीही मासळीवाली?"

"तिघी येऊ देत," काका म्हणाले. "खुर्ची एकच पुरे."

शनिवारी मंडळ खच्चून भरलं. निम्मे लोक फजिती बघायला आले होते, मीही पुढची जागा धरली होती. आंगुस्तियास हात लिंबानं घासून आली होती, तरी पहिल्या रांगेतला न्हावी उगाच नाकाला रुमाल लावून बसला. बुलेरियाची द्रुत चाल सुरू झाली, रंगात आली, आणि आंगुस्तियास अडकली. माझ्या पोपटाला पाठ असलेली नेमकी तीच ओळ ती विसरली! लेआंद्रो पाटी काखेत घेऊन उठलाच.

काका थांबले नाहीत. आखडलेल्या बोटांच्या पेरांनी त्यांनी गिटारीच्या लाकडावर ठेका धरला, अंगठा खर्जाच्या तारेवर. बायकांनी टाळ्यांनी तो उचलला. "ये सावकाश," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी धरून ठेवलंय."

ठेक्याचा फेरा पुरा झाला आणि ती अचूक आत शिरली. गिटार अशी वाजवली, अशी वाजवली, की रुमालवाला न्हावीच पहिल्यांदा "ओले!" ओरडला.

टाळ्या थांबायच्या आत लेआंद्रो पाटी घेऊन काकांसमोर उभा. "काका, आता तरी आराम करा."

काकांनी गिटार मांडीवरून हलवली नाही. "ती पाटी तुझ्याजवळच ठेव, लेआंद्रो. माझी खुर्ची रिकामी झाली की लाव. आता बाजूला सर, आम्हाला अजून एक वाजवायचंय."