दोन चौकटींत एकच चेहरा

लातूरच्या कलादालनाच्या दारात खाजाभाईंनी माझी पिशवीच धरली. "वहिनी, परत चला. मला न्हाई बघायचं."

खाजाभाई आमच्या गल्लीतले फोटोवाले. आता क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढता काढता त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पण भूकंपाच्या वर्षी ते हातानं चित्रं काढायचे. ढिगाऱ्यात माणसांबरोबर फोटोही गेलेले. उरलेले लोक येऊन सांगायचे, नाक असं होतं, डोळे असे, आणि खाजाभाई गेलेल्याचा चेहरा कागदावर उतरवायचे. दहा वर्षांनी तीच चित्रं घराघरांतून मागून आणून इथं मांडली होती.

"साखराकाकीला काय बी सांगता येईना," रिक्षात ते मला म्हणाले होते. "नुसती रडायची. शेवटी मी माझ्या बहिणीचा, मलिकाचा चेहरा काढून दिला. आन् तसाच आणखी एका घराला. काकीला कळलं तर तिची लेक सुकन्या दुसऱ्यांदा मरंल, वहिनी."

तरी मी त्यांना ओढत आत नेलं. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी! एकीचं पोलकं निळं, दुसरीचं हिरवं. बाकी तीच हनुवटी, तेच ओठ. समोर साखराबाई, पदर दातांत धरून.

"खाजा," पाऊल ओळखून, मागं न बघताच त्या म्हणाल्या, "माझी कोणती रं?"

"निळी, काकी."

"मंग ही कोण?"

खाजाभाई हिरव्या पोलक्याच्या चित्रापुढं जाऊन उभे राहिले.

"लेकीचं तोंड म्हणून मला आता ह्येच आठवतंय. खरं सांग, कुणाचं हाय?"

"माझ्या बहिणीचं. मलिकाचं."

बाई आता खाली बसणार म्हणून मी पुढं झाले. पण त्या वळल्या. "कधी गेली ती?"

"गेली न्हाई, काकी. किनवटला हाय. तीन लेकरं हायत."

साखराबाईंनी कपाळावर हात मारला. "जित्ती हाय? मुडद्या, जित्त्या बाईला मी दहा वर्षं रोज हार घालीत आले! कुठं फेडू हे? चल, आधी फोन लाव तिला!"

फाटकाजवळच्या एसटीडी बूथवर खाजाभाईंनी किनवटचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग पलीकडून "हॅलो?" आलं.

साखराबाईंनी रिसीव्हर हिसकावून घेतला. "माय, बरी हायस न्हवं?"