मामा आणि आभाळातलं तेजाब

जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीत माझ्या बायकोच्या मामांना कधी रस नव्हता. मुंबईबाहेर आचोळ्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पण जीव अडकलेला उंचावरच्या पिसांसारख्या ढगांत. ते ढग म्हणजे बर्फाचे कण आणि ते हवेतलं आम्ल स्वतःला चिकटवून घेतात, हे त्यांनी वाण्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं. बर्फाचा गोळा हाती आला की संपलंच. "हे बघा जावईबापू, सरबत ओतलं, वर पुन्हा बर्फ थापला. रंग गेला कुठं? आत गाडला गेला! वरती आम्लाचं असंच होतं." तोवर गोळा वितळून कोपरापर्यंत आलेला असे.

घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पाही त्यांनी आम्ल घालून गोठवलेल्या बर्फाच्या बंद काचेच्या नळ्यांनी अडवलेला. "आंब्याचा रस काय तुमच्या तेजाबाशेजारी ठेवू?" असं मामी रोज विचारायच्या. त्या जवळच्याच सांडोर गावच्या वाडीतल्या, आवाज खणखणीत.

एका मे महिन्यात त्या नळ्या तपासायला मुंबईतल्या एका प्रयोगशाळेनं अखेर होकार दिला. मामा वेळ ठरवायला तिकडे गेले आणि इकडे भर दुपारी वीज गेली. वर्षभराची मेहनत पाणी होणार! मामींचा फोन आला तसा मी धावलो. पाहतो तर मामींनी माहेरच्या भावाकडून बर्फाची लादी आणवलेली, तोही तिथंच थांबलेला. पाटावर ती फोडून, खडेमीठ घालून, त्या तो चुरा टोपात नळ्यांभोवती दाबत होत्या.

"मामी, मीठ कशाला?"

"पॉटातलं आइस्क्रीम कधी केलं नाय का? मिठानं थंडी वाढते. बोलू नका, ते पोतं घाला वरून."

संध्याकाळी मामा आले. वीज अजून नव्हतीच. त्यांनी पोतं उचलून नळ्या पाहिल्या. एकाही नळीतला बर्फ वितळला नव्हता. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी भिंतीला टेकलो. पण मामा मामींसमोर खाली बसले.

"हात बघू."

बोटं लालभडक, बधिर झालेली. मामांनी ती आपल्या दोन्ही तळव्यांत धरली.

"सोडा, जावई उभे आहेत," मामी पुटपुटल्या.

मामांनी सोडली नाहीत. मी मामींच्या भावाला खुणावलं आणि आम्ही दोघं उगाचच चहा प्यायला खाली उतरलो. टपरीवर चहा संपला, दुसरा सांगितला, तोही सावकाश प्यायलो.