घडी घातलेली दुपटी

रिना मला पहिल्यांदा दिसली ती बोटीत, ओढणीत काहीतरी लपवून बसलेली. मी नर्स. लसींचा डबा घेऊन महिन्यातून एकदा नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर जायचे. मणिबेली गाव मागे पडलं की पुढे आणखी अर्धा तास पाणीच पाणी. बोट तिचा नवरा अजित चालवत होता. नुकतंच लग्न झालेलं. इंजिनाच्या आवाजात ओढणीतून कूं कूं असं ऐकू आलं आणि रिना हसत सुटली. आत कुत्र्याचं पिल्लू होतं, मातकट रंगाचं, मुठीएवढ्या तोंडाचं. खापर गावच्या बाजारातून आणलेलं.

"याला पण टोचा, सिस्टर," ती म्हणाली. "हा आमच्या घरचाच आहे."

रिना खापरची. दहावी झालेली, रस्त्याकाठच्या घरात वाढलेली. दारात जीप थांबते, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, अशा गावातून ती या टेकडीवरच्या कुडाच्या घरात आली होती. इथे फोनला रेंज हवी तर वर डोंगरावर चढायचं. घरात माणसं तीन: ती, अजित आणि सासू रूपलीबाई. सासरा अजित लहान असतानाच गेलेला. अजित दिवसभर पाण्यावर. रूपलीबाई चांगल्या, पण अबोल. म्हणजे रागीट नव्हे, बोलणं आत कुठेतरी राहून गेलेलं. करमेना म्हणून रिनाने पिल्लू आणलं. त्याचं नाव भुऱ्या. तो तिच्या पायाशी झोपायचा, तिच्या भाकरीतली भाकरी खायचा, अजितच्या चपला चावायचा. वर्षभर त्या घरातलं लेकरू तोच होता.

मग पौषात रिनाला मुलगा झाला.

दीड महिन्याचा झाल्यावर मी पहिली लस द्यायला गेले तेव्हा घरात नव्या बाळाचा वास होता. मधल्या आढ्याला सुती साडीची झोळी टांगली होती. ती रिनाच्या आईने खापरहून पाठवलेली.

"सासूबाईंना आवडली नाही," रिना हळूच म्हणाली. "टांगू नको म्हणाल्या. जमिनीवर निजव, नाहीतर पाठीशी बांध. का ते सांगत नाहीत. पण मी एकटीने स्वयंपाक करू की याला धरून बसू?"

रूपलीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्यांनी आत पाहिलंही नाही.

मी आढ्याला वजनकाटा अडकवला, बाळाला त्यात ठेवलं. त्याने भोकाड पसरलं. तेवढ्यात भुऱ्या आत आला. मला वाटलं बाळाकडे जाईल म्हणून मी पाय आडवा घातला. पण तो ना बाळाकडे गेला ना आमच्याकडे. मधल्या खांबाजवळ जाऊन थांबला, वर बघायला लागला. माझ्या कमरेपेक्षा थोडं खाली, तिथे हवेत काहीच नव्हतं. त्याने कान मागे पाडले, शेपटी हलवली, डोळे मिटून मान पुढे केली. डोक्यावरून कुणी हात फिरवला की कुत्री करतात तसं. मग उताणा पडून पोट वर केलं, पाय सैल सोडले.

बाळ रडायचं थांबलं. त्याचे डोळे खांबाकडे होते.

"रोज असंच करतो," रिना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते टिकलं नाही.

इतक्या लहान बाळाची नजर कुठेही लागते, कुत्री माशीमागेही असं करतात, हे मी तिला सांगितलं. सांगताना मी स्वतः खांबाकडे पाठ करणं टाळलं, हे मात्र मला बोटीत बसल्यावर जाणवलं.

पुढच्या महिन्यात गेले तर रिना काठावर उभी होती. बाळ पाठीशी बांधलेलं. ऊन मी म्हणत होतं. तिने माझा डबा हातात घेतला आणि चढण चढता चढता बोलायला लागली.

होळीनंतर सुरू झालं, ती म्हणाली. होळीला सगळे काठी गावाला गेले होते, तिथून आले आणि दुसऱ्याच दिवशी. दुपारी अजित बोटीवर, सासूबाई मोहफुलं वेचायला. घरात ती, बाळ आणि भुऱ्या. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मागे झोळीची दोरी कर्र, कर्र वाजत होती. बाळ हालचाल करत असेल असं तिला वाटलं. बराच वेळ गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आवाज एका तालात येतोय. तिने वळून पाहिलं. झोळी हलत होती. थोडीथोडकी नाही, आई झोका देते तितकी. बाळ आत गाढ झोपलेलं. दार उघडं, पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. भुऱ्या झोळीखाली पसरला होता आणि त्याची शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत होती.

"मी उठले, झोळी धरली. थांबली. हात सोडला. सिस्टर, थोडा वेळ तशीच राहिली, कुणी वाट बघतं ना तशी. मी मागे सरले आणि पुन्हा हलायला लागली. आधी हळू. मग तालात."

"अजितला सांगितलंस?"

"वारा असेल म्हणाला. मग कपडे जायला लागले."

बाळाची दुपटी. दोरीवर वाळत घातलेली, संध्याकाळी एक कमी. मग टोपडं. मग पायमोजा. अजित म्हणाला, हा भुऱ्याच नेतो, त्याला बाळाचा हेवा वाटतो. रिनालाही ते पटलं, कारण बाळ आल्यापासून तिने भुऱ्याला कितीदा तरी हाकललं होतं. अजितने त्याला मागच्या मोहाच्या झाडाला बांधलं. दिवसभर तो गप्प बसून होता, फक्त तोंड खाली पाण्याकडे. दोरी तशीच, गाठ तशीच. आणि संध्याकाळी पिवळं दुपटं नव्हतं.

"मी बाळाला घेऊन माहेरी जाते," ती म्हणाली. "अजित आला तर आला."

मी बाळाचं वजन बघितलं. छान वाढलं होतं. इतकी शांत झोप घेणारी बाळं माझ्या यादीत थोडी होती. लस दिली, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं आणि निघाले. निघताना आत पाहिलं. रिकामी झोळी स्थिर होती. भुऱ्या झाडाखाली बसून पाण्याकडे बघत होता.

रिना माहेरी गेली नाही. पुढे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं, आणि थोडं रूपलीबाईंनी.

त्या वर्षी वैशाखात धरणाचं पाणी फार खाली गेलं. दरवर्षी उतरतं, पण त्या वर्षी पाण्याखालची जुनी टेकडी उघडी पडली. भेगाळलेला गाळ, काळे पडलेले झाडांचे खुंट, मधेच कुणाच्या तरी जुन्या ओट्याचे दगड. माणसं तिकडे जात नव्हती.

एका दुपारी, सासूबाई आणि अजित घरात नसताना, रिनाने बाळ पाठीशी बांधलं आणि भुऱ्याची दोरी सोडली.

"चल," ती त्याला म्हणाली. "दिवसभर कुठे बघतोस ते दाखव."

तो धावला नाही. चार पावलं पुढे जायचा, थांबायचा, रिनाकडे नव्हे, आपल्या बाजूला वर बघायचा आणि पुन्हा चालायचा. कुणाच्या तरी सोबत चालणारं कुत्रं असं चालतं. ती त्याच्या मागे उतरत गेली. खाली एकही पक्षी नव्हता. गाळ वरून कोरडा, आतून मऊ, पाय टाकला की हलका दबायचा. पाण्याच्या कडेपासून वीसेक पावलांवर तो थांबला आणि खाली बसला.

तिथे चुलीचे तीन दगड होते. बाजूला जमिनीत रुतलेला एका खांबाचा बुंधा. आणि दगडांच्या मधोमध बाळाची दुपटी.

कुत्र्याने ओढत आणलेली वस्तू कशी असते ते रिनाला माहीत होतं. चुरगळलेली, लाळेची, दातांनी फाटलेली. ही तशी नव्हती. एकावर एक रचून ठेवली होती. प्रत्येकाच्या चार घड्या, आणि एक टोक आत खोचलेलं. टोपडं सगळ्यात वर.

"मी ओरडले नाही," ती मला म्हणाली. "पाठीवर बाळ हसत होतं. मी त्याला हसताना कधी ऐकलं नव्हतं. ते त्याचं पहिलं हसू, सिस्टर. आणि मला मागे वळून बघायचं धाडस नव्हतं."

तिने दुपटी उचलली आणि चढण चढून घरी आली. रूपलीबाई दारात होत्या. रागाच्या भरात रिनाने ती त्यांच्यापुढे धरली.

"हे काय आहे? कोण करतं हे?"

रूपलीबाईंनी वरचं दुपटं हातात घेतलं. खोचलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"ही घडी मी शिकवलेली नाही," त्या म्हणाल्या. "तिची तीच घालायची."

"कोण?"

"वेस्ती. अजितची बहीण."

अजितला बहीण होती हे रिनाला माहीत नव्हतं. अजितलाही नव्हतं.

तेव्हा घर खाली होतं, जिथे ते तीन दगड आहेत तिथे. अजित पाच महिन्यांचा, वेस्ती सात वर्षांची. आई-बाप शेतात गेले की भावाला तीच सांभाळायची. झोळीला झोका द्यायची, त्याचे कपडे वाळवून घड्या घालायची, टोक आत खोचायची, म्हणजे वाऱ्याने उघडत नाही म्हणे. त्या पावसाळ्यात धरणाचं पाणी अंगणापर्यंत आलं. नवरा-बायकोने खांब, कौलं, धान्य डोक्यावर वाहून वर नेलं. दोन दिवस तेच. वर छप्पर नव्हतं, अजित रडून रडून निळा पडत होता, काही केल्या झोपेना. झोळी खालीच राहिली होती.

"मीच म्हटलं तिला," रूपलीबाई म्हणाल्या. "जा, पळत जा, झोळी सोडून आण. पाणी तेव्हा घोट्याएवढंच होतं. घोट्याएवढंच."

वेस्ती पळत गेली. पाणी कुठून आणि किती वाढलं ते कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सापडली तेव्हा झोळीचं कापड तिने कमरेला घट्ट गुंडाळलेलं होतं.

त्यानंतर रूपलीबाईंनी तिचं नाव घेतलं नाही. नवऱ्यालाही घेऊ दिलं नाही. शेजारची घरं पाणी चढलं तेव्हाच उठून लांब गेली होती. नवरा गेला, मग ते नाव ठाऊक असलेल्या त्या एकट्याच उरल्या.

रिना म्हणते, ऐकताना तिची भीती गेली नाही. पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. तिला रोजच्या दुपारी आठवल्या. त्या सगळ्या वेळात तिच्या बाळाला एक ओरखडाही उठला नव्हता.

अजित संध्याकाळी आला, तेव्हा त्याला आईने सगळं सांगितलं. तो काठावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही खाली उतरले, बाळाला घेऊन. भुऱ्या पुढे. त्या तीन दगडांपाशी रूपलीबाईंनी दिवा लावला, मोहाची थोडी दारू जमिनीवर शिंपडली, भाकरी ठेवली. रिनाने आढ्यावरची झोळी सोडून आणली होती. सासूने ती मांडीवर घेतली, चार घड्या घातल्या आणि टोक आत खोचलं. टोक दोनदा निसटलं.

"वेस्ती," त्या म्हणाल्या. "झोळी मिळाली. अजित झोपला, बाई. मोठा झाला. आता पाण्यात जाऊ नको."

अजित तिथेच उकिडवा बसला आणि तोंड ओंजळीत धरून रडला. ज्या बहिणीचा चेहरा त्याला आठवत नव्हता तिच्यासाठी.

भुऱ्या उठला. पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला, आपल्या बाजूला वर बघत. कडेला थांबला. पुढचा एक पाय पाण्यात टाकला आणि मागे घेतला. मग पाण्याकडे बघत उभा राहिला, शेपटी हलवत. हळूहळू शेपटी थांबली. त्याने इकडे तिकडे पाहिलं, जमीन हुंगली आणि एकटाच परत आला.

मधली फेरी हुकली, म्हणून मी तिसऱ्या लसीला ज्येष्ठात गेले तेव्हा आढ्याला दुसरी झोळी होती, रूपलीबाईंच्या लुगड्याची. त्यांनी स्वतः टांगलेली. त्या माझ्याशी बोलल्या, पहिल्यांदाच इतकं. वेस्तीचं नाव त्यांनी चार-पाचदा घेतलं, जीभ नव्याने वळवून बघावी तसं.

"आता हलते का?" मी रिनाला हळूच विचारलं.

"नाही." तिने झोळीची दोरी धरली आणि झोका दिला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आधी बरं वाटलं. आता दुपारभर हा झोपत नाही, सिस्टर. माझा हात दुखून येतो. कधी कधी मी चुलीपाशी बसून मुद्दाम मागे बघत नाही. वाटतं, जरा वेळ बघू नये."

कपडे जायचे थांबले. भुऱ्या पुन्हा चपला चावायला लागला. पावसाळ्यात पाणी चढलं आणि ते तीन दगड झाकले गेले. मुलगा आता रांगून, चालून, भुऱ्याच्या पाठीवर बसून झाला आहे, आणि रिना पाड्यावर आशाताईचं काम करते. माझ्या याद्या माझ्यापेक्षा नीट ठेवते.

माझी बदली झाली त्या शेवटच्या फेरीला अजितच्या बोटीत सहा-सात माणसं होती. पाणी तुडुंब होतं, काठ समोर दिसत होता, पण अजितने बोट सरळ न नेता मोठा वळसा घातला. नव्याने आलेले एक मास्तर वैतागले.

"अहो, सरळ घ्या की. खडक आहे का तिथे?"

"नाही," अजित इंजिनाचा वेग कमी करत म्हणाला. "तिकडे घर आहे."