उपाशी वाकळ

कमरबीच्या हातची वाकळ अंगावर घेतली की माणूस सकाळी उठायचं नाव काढत नाही, असं बेगम पेठेत सगळे म्हणत, आणि कमरबी ते मुळीच नाकारत नसे. खोटा विनय तिला कधी जमलाच नाही. जुनी लुगडी, विरलेले सदरे, कुणाच्या सासऱ्याचा पटका, असं काहीबाही तिच्या पुढ्यात येऊन पडे. ती दिवसचे दिवस त्यावर वाकून बसे आणि शेवटी अशी वाकळ झटकून दाखवी, की लुगडं जिचं होतं त्या बाईलाही ते ओळखू येत नसे.

पण गेले काही हिवाळे तिच्या बोटांनी गिरणीकामगारांसारखा संप पुकारला होता. सांधे सुजायचे, आखडायचे. भाकरी थापता येई, घागर उचलता येई, पण सुई चिमटीत ठरेल तर शपथ. गाठोडं घेऊन दाराशी आलेल्या बायकांना परत पाठवताना तिला रडू यायचं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून ती त्यांच्यावरच खेकसायची. बायका म्हणत, म्हातारपणी कमरबीला फारच शिंगं फुटली.

तिचा नवरा इलाहीबक्ष टांगा हाकायचा. स्टेशनापासून घरापर्यंत उतारूशी न बोलता गेलेला त्याचा एकही फेरा कुणाला आठवत नसेल. घरी मात्र कामाचं बोलणं कमी आणि चेष्टा जास्त. हा माणूस बायकोकडे नीट बघत तरी असेल का, अशी शंका यावी. तर एका संध्याकाळी त्याच्या टांग्यातून उतरलं ते हाताने फिरवायचं काळं शिवणाचं मशीन, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं. बिऱ्हाड हलवून पुण्याला निघालेल्या एका शिंप्याकडून त्याने ते घेतलं होतं. चाकाची मूठ धरायला चिमूट लागत नाही, सबंध पंजा लागतो, एवढं त्याने बरोबर हेरलं होतं. कमरबीने मूठ धरून चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. त्या रात्री कालवणात तेल सढळ पडलं.

शिंप्याने सांगितलेले नियम इलाहीबक्षने तिला मोठ्या ऐटीत ऐकवले. रोज तेल द्यायचं. चाक उलटं फिरवायचं नाही. आणि सुईखाली कठीण काही म्हणून येऊ द्यायचं नाही.

हा शेवटचा नियम तसा साधा, पण त्यानेच घोळ केला. कारण आपल्याकडे वाकळ पुरी होताना, शेवटचं ठिगळ बंद करायच्या आधी, आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही म्हणे. कमरबीला हे शिकवलं होतं पलीकडच्या गल्लीतल्या नागव्वाने, दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हा. तेव्हापासून कमरबीने एकही वाकळ उपाशी पाठवली नव्हती, आणि दर वेळी इलाहीबक्ष न चुकता विचारायचा, नुसती भाकरी कशी खाईल बिचारी, कोरड्यास नको का तिला? वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि हसायचा तो एकटाच.

मशीनवरची पहिली वाकळ नागव्वाच्याच घरची ठरली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, आणि येत्या शुक्रवारी तान्ह्या मुलीला घेऊन दुधनीला सासरी निघणार होती. त्या घरातलं प्रत्येक मूल कमरबीच्या वाकळेत वाढलेलं. ही वाकळ वेळेवर झाली तर आपण अजून कमरबी आहोत. नाही झाली तर मशीन टांग्यात घालून परत पाठवायचं आणि पुन्हा या धंद्याचं नाव घ्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. आणि नवऱ्याला व नागव्वाला समोर बसवून जाहीर केलं, या वाकळेला घास मिळणार नाही, मशीनला ते खपायचं नाही. नागव्वाचं तोंड एवढंसं झालं. इलाहीबक्ष मान डोलावून म्हणाला, शेवटी अक्कल आली म्हणायची.

मशीनला झेपावं म्हणून कमरबीने थर कमी ठेवले. ते हलू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालावे लागतात. ते काम नागव्वाने अंगावर घेतलं, कारण कमरबीची बोटं. संध्याकाळी ती जड वाकळ घडी करून खाटेवर ठेवायचं काम इलाहीबक्षचं.

पहिल्या दिवशी दोरा तुटला. नागव्वाने ओवला, तुटला. पुन्हा ओवला, वीतभर चालला आणि तुटला. कमरबी मशीनला तोंडाला येईल ते बोलली आणि मग डोकं शांत करून एकेक गोष्ट तपासायला बसली. अस्तराचं मिलचं कापड नवंकोरं, खळीने पापडासारखं कडक झालेलं. कच्चे टाके सोडवून ते धुऊन काढलं आणि नागव्वाकडून पुन्हा घालून घेतले. सुई सदरे शिवायची, बारीक. इलाहीबक्षला पिटाळून जाड आणवली. दोऱ्यावरचा दाब जास्त होता, तो स्क्रू ढिला केला. आणि चाक घाईने न फिरवता जात्यासारखं एका लयीत फिरवलं. मग काय, टाके असे पडत गेले की बघत राहावं. काठापासून सुरू झालेली ओळ दुसऱ्या काठाला जाऊन पोचली, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. कमरबी मशीनवर बसून चक्क गुणगुणायला लागली. शेजारणी भिंतीवरून डोकावून गेल्या.

आणि मध्यावर आल्यावर दोरा पुन्हा तुटला.

आता मात्र एकाच जागी. बाकी सगळीकडे मशीन मुकाट चालायचं, मधल्या हिरव्या ठिगळावर आलं की कट्, दोरा तुटलाच. सुई बदलली, तिचं टोक वाकलं. दोऱ्याला साबण चोळला. दाब घट्ट केला, सैल केला. मशीन उलटं करून आतली कापसाची घाण काढली. पेठेतला प्रत्येक जण या विषयातला जाणकार निघाला; कुणी म्हणे दोरा वाळलाय, कुणी म्हणे मशीनला दृष्ट लागली. कमरबीने त्या ठिगळावरून हात फिरवून पाहिला. एके काळी थराखाली ज्वारीचा दाणा असता तरी या बोटांनी सांगितला असता. आता ती काहीच सांगत नव्हती. त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी नागव्वा आली तेव्हा कमरबीने वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. दुसऱ्या कुणाकडनं तरी पुरी करून घे. माज्याच्यानं होत न्हाई आता."

नागव्वा वाकळेकडे बघत बसली. तिचा चेहरा असा झाला, जणू दुधाचं भांडं तिनेच लवंडलं होतं.

"कमरबी, तुज्या हाताचा दोष न्हाई की गं," ती म्हणाली. "त्या हिरव्या ठिगळाखाली म्या घास ठिवलाय."

धुतलेल्या अस्तरावर दुसऱ्यांदा कच्चे टाके घालतानाच ठेवला होता. आणि नागव्वाने त्यातही डोकं चालवलं होतं: मऊ भाकरीला बुरशी येईल म्हणून मुद्दाम कडक भाकरी, खापरीसारखी वाळलेली. कमरबीने ठिगळ उसवून तो तुकडा हातात घेतला. सुईने त्याची चाळण करून टाकली होती. आधी तिला राग आला, मग नागव्वाचं तोंड बघून हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. दोघी म्हाताऱ्या डोळे पुसत हसल्या.

घास काढला आणि मशीन सुरळीत चाललं. मध्य ओलांडला, हिरवं ठिगळ ओलांडलं, शेवटचा कोपरा आला. तिथे दोरा तुटला.

कमरबीने नुसतं नागव्वाकडे बघितलं. नागव्वाने सिद्धरामेश्वराची शपथ घेतली, एकच ठेवला होता. कोपऱ्याचा काठ अजून बंद व्हायचा होता, म्हणून कमरबीने आत हात घातला. चिंधीची एक पुरचुंडी निघाली. तिच्यात भाकरीचा तुकडा होता, आणि सोबत भाजलेले शेंगदाणे.

कोरड्यास. कमरबी त्या दाण्यांकडे बघतच राहिली.

बाहेर इलाहीबक्ष घोड्याला खरारा करत होता. तिने हाक मारली तसा तो दारात आला, तिच्या हातातली चिंधी बघितली आणि खराऱ्यातले केस काढायला लागला.

"कडक काय घालायचं न्हाई, ह्ये तुमीच सांगितलं व्हतं की," कमरबी म्हणाली.

"सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पर तू लई मन मारून न्हाई म्हनलीस, ते दिसलं मला. म्हून घडी घालताना सारली आत. तुजी वाकळ हाय. ती उपाशी जाऊ देऊ व्हय?"

इतकी वर्षं हा माणूस नुसती थट्टा करतो असं ती समजत होती. तिचा ऊर भरून आला. पण नागव्वासमोर रडायचं कसं, म्हणून ती त्याच्यावरच खेकसली, की तिथं उभं राहून काय बघताय, चष्मा लावा आणि सुईत दोरा ओवून द्या.

मग हिरव्या ठिगळावरचे टाके पुन्हा उसवून तिने दोन्ही घास परत ठेवले, नागव्वाचा मध्यात आणि त्याचा कोपऱ्यात. या वेळी त्या दोन्ही जागा तिने खडूने आखून घेतल्या आणि मशीन त्यांवरून न नेता त्यांच्या चारी बाजूंनी वळवून नेलं. कोपऱ्यावर सुई कापडात रोवून ठेवायची, वाकळ फिरवायची, पुन्हा मूठ धरायची. दोरा एकदाही तुटला नाही. वाकळेवर दोन छोटे कोरे चौकोन उरले, आणि लोकांना पुढे तेच तिच्या मशीनकामाची खूण वाटू लागले. शुक्रवारी दुधनीच्या गाडीला नागव्वाची लेक इलाहीबक्षच्याच टांग्यातून गेली. तान्ही मुलगी वाकळेत अशी झोपली होती की स्टेशनच्या गोंगाटातही तिने डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी एक बाई गाठोडं घेऊन उभी होती. कमरबीने तिला आत बोलावलं, बसायला पाट दिला, आणि गाठोड्याची गाठ सोडता सोडता नवऱ्याला हाक मारून बजावलं, आता दाणे सोलून ठेवा, आणि मला न विचारता कुठं काही ठेवू नका.