ओळखा, काय निघालं?

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. सासरच्या पहिल्या पुरणात मी मीठ घातलं. नवऱ्याच्या साहेबाला चपराशी समजून पाण्याची बादली उचलायला लावली. या गोष्टी सांगून मी नातवंडांना पोट धरून हसवते. एक मात्र कोणालाच सांगितली नाही. एक ओळ मी वाचली आणि ज्याची होती त्याला ऐकवली नाही. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. वय अल्लड होतं म्हणायचीही सोय नाही.

ती ओळ एका पिंजाऱ्याची होती. अमरावतीच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला चाचा म्हणत. दसरा झाला की तो खांद्यावर धनुष्यासारखी धुनकी घेऊन यायचा. अंगणात जुनी गादी उसवायची, आतला गोळा झालेला कापूस धुनकीच्या तातेवर पिंजून फुलवायचा आणि गादी पुन्हा शिवून द्यायची, हे त्याचं काम. तुमच्याही लहानपणी असा कोणी आला असेल. पण आमच्या चाचाची एक लकब तुम्ही पाहिली नसेल. काम रंगात आलं असताना तुंय तुंय एकदम थांबायचं. चाचा उठायचा, मिशीत अडकलेला कापूस पुसायचा आणि घरमालकिणीसमोर बंद मूठ धरायचा.

"ओळखा बाई, तुमच्या गादीतून काय निघालं?"

कधी कानातल्याची फिरकी, कधी लेकराचा दुधाचा दात, कधी गुंडी. आम्ही बाया भलतंसलतं ओळखायचो, तो माना हलवत हसायचा. सुई निघाली तर मात्र खेळ नाही. सरळ हातावर ठेवायचा. "कोनं ठेवली? पाठीत गेली असती."

माझ्या गादीतून एकदा काय निघालं ते आता सांगायला हरकत नाही. नवरा गेला आणि सासूबाईही गेल्या. निघालं ते कॉलेजातल्या एका मुलाचं पत्र. लग्नात माहेरून आलेल्या गादीला एक भोक होतं, त्यातून मी ते आत सरकवलं होतं. त्याच गादीवर रोज नवऱ्याशेजारी झोपत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सासूबाई अंगणातच तूर निवडत बसल्या होत्या. चाचानं त्या दिवशी मूठ पुढे केली नाही. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर लोटा परत देताना बुडाखालून घडी माझ्या तळहातावर आली.

दुपारी सासूबाई लवंडल्यावर मी हळूच म्हटलं, "चुलीत टाकायचं नं चाचा. मला कळलंही नसतं."

"आपल्याले काय हक? ज्याचं निघालं त्याच्या हातात द्याचं. परत आत शिवलं, त टोचते." मग धुनकी उचलत म्हणाला, "मले वाचता येत नाई, पर अक्षर लय खराब हाय त्याचं. बरं झालं नाई केलं लगन."

पुढे सासूबाई गेल्या आणि मी एका स्कॅन सेंटरात रिपोर्ट टाईप करायला लागले. डॉक्टर सांगत, मी टाईप करी. दोन वर्षांत मी स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजू लागले. चष्मा नाकाच्या टोकावर आणून मी खिडकीतून लोकांना त्यांचे रिपोर्ट मराठीत समजावून सांगे. गंमत म्हणजे लोकांना ते आवडेही.

एकदा चांदूर रेल्वेच्या एका माणसाला मी सांगून बसले, "तुमच्या यकृतावर काहीतरी दिसतंय हो." आला होता फुफ्फुसासाठी. बायको तिथेच रडायला लागली. घाबरून सगळं घर नागपूरला धावलं. ती निघाली साधी पाण्याची फोड, जन्मभर राहिली असती तरी काही झालं नसतं. आमचे डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही टायपिस्ट आहात." हे मला फार लागलं.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात एका संस्थेनं बिडी ओढणाऱ्यांसाठी छातीचे फुकट स्कॅन ठेवले. फुफ्फुसाचा कॅन्सर असेल तर लवकर सापडावा म्हणून. माझ्या डोळ्यासमोर पहिला चाचाच आला. मिसरूड फुटल्यापासूनची बिडी आणि जन्मभर नाकातोंडात कापूस. खोकायचा तर अख्खी गल्ली जागी व्हायची.

त्या वर्षांत त्याला काम तरी कुठे होतं? पूर्वी भातकुलीकडच्या गावांत लोक घरचा कापूस काढून ठेवत आणि गाद्या भरून घेत. आता कापूस घरात थांबेना, वेचला की गाडीत. शहरात फोम आला. चाचा म्हणायचा, "फोममधून काईच निघत नाई, बाई. मजाच गेली."

मीच त्याचं नाव लिहिलं, मीच त्याला नेलं. मशीनच्या कड्यात सरकताना त्यानं विचारलं, "हे उसवल्याबिगर आतलं पाहते?"

"हो."

"मंग हे त माह्याच धंद्यातलं हाय. माह्यापेक्षा हुशार."

श्वास धरा म्हटल्यावर त्यानं इतका धरला की ऑपरेटरला ओरडावं लागलं, "सोडा आता, चाचा!"

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मीच टाईप केला. फुफ्फुसात गाठ नाही. मला रडूच आलं आनंदानं. पण डॉक्टर थांबले नव्हते. शेवटची ओळ अशी होती की डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला एक गाठ दिसते, सोनोग्राफी करून घ्यावी.

चाचा खिडकीशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सोबत चाचीही होती, पदराचं टोक दातात धरून. मी पाकीट उघडून मोठ्यानं वाचलं, "फुफ्फुस साफ!" चाचानं मटकन बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाची एका डोळ्यानं रडत होती, एकानं हसत होती. आता या वेळी ती ओळ कशी वाचू? चांदूरची ती बाई मला आठवली. "तुम्ही टायपिस्ट आहात" हेही आठवलं. चांगलं सांगायला मी डॉक्टरीण आणि वाईट सांगायला टायपिस्ट, असा माझा सोयीचा न्याय.

एवढंच असतं तरी निभलं असतं. रविवारी मोठे डॉक्टर येऊन सगळ्यांना रिपोर्ट समजावणार होते.

चाचानं विचारलं, "रविवारी परत याचं का?"

मी म्हटलं, "कशाला? मी वाचलंय ना."

पाकीट बंद करून मी त्याच्या हातात दिलं.

मनाशी ठरवलं होतं, चार दिवसांनी सांगू. मग संक्रांत आली, मग होळी. मग मी स्वतःला समजावलं, तीही पाण्याचीच फोड असेल. आठ महिन्यांनी कळलं, चाचाच्या लघवीतून रक्त जातं. चाचीच्या भावानं त्याला अकोल्याला दाखवलं. गाठ पसरली होती. आता काढून उपयोग नाही म्हणाले. आधी काढली असती तर? ते कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बार्शीटाकळीला चाचीच्या माहेरी तो पडून होता. मी सगळं सांगायचं ठरवूनच गेले. खाटेवर माणूस कमी आणि गोधडी जास्त दिसत होती. मला पाहून तो खुलला. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला, "ह्या बाई. यायनंच वाचलं माहं फुफ्फुस. एकदम साफ! एवढी बिडी ओढली, पर साफ." आणि ते सिद्ध करायला त्यानं मोठा श्वास घेऊन दाखवला. सगळे हसले. मीही हसले. दोन पेरू उशाशी ठेवून मी परत आले.

पुन्हा गेले ती चाचा जाऊन त्याचा चाळीसावा झाल्यावर. धुनकी भिंतीला टांगली होती, तिची तात सैल सोडलेली. चाचीनं चहा दिला. मी कप हातात धरून शब्द जुळवत होते. तेवढ्यात ती आत गेली आणि आमच्या सेंटरचं ते पाकीट घेऊन आली. घड्या पडून पडून ते कापडासारखं मऊ झालं होतं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"अकोल्याच्या डॉक्टरनं हे वाचलं, म्हने यात त लिवलंच होतं. माहा भाऊ लय भडकला तुमच्यावर. पर हे मरेपर्यंत त्याले एकच सांगत रायले — बाईले दिसलं नसन. दिसलं असतं, त बाईनं माह्या हातात देल्लं असतं."