गोदामातली खुर्ची
नव्या पुठ्ठ्याचा वास आला की बोईसरच्या कारखान्यातलं खोक्यांचं गोदाम आठवतं. आमच्या पॅकिंग लाइनवरचा, दातिवरे गावचा एक कामगार नैराश्यावर उपचार घेऊन परतला होता. साहेब मनाने चांगले. त्याला त्रास नको म्हणून त्यांनी गोदामात एकट्यालाच खुर्ची टाकून दिली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिकडे गेले. "राजा झालास की रे!" म्हटलं. तो हसला नाही. "ताई, लाइनवर सगळी माझी मस्करी करायची, तवा बरं वाटायचं. इथं कोन हाय?" मी तडक साहेबांना सांगितलं, त्याला परत लाइनवर घ्या. "आठवडाभर आराम करू दे त्याला," ते म्हणाले. आठवडा संपायच्या आत तो काम सोडून गावी गेला. आता त्या लाइनची देखरेख माझ्याकडे आहे. आजारपणातून कोणी परतलं की मी आधी विचारते, कुठे बसणार? त्याला कोणीच विचारलं नव्हतं.